लाल कॅरेटमधली कॅसेट

पिंपरी पेंढार,
शुक्रवार, सकाळी

प्रिय सितारा,

पाकिटातली कॅसेट आधी बाहेर काढ आणि दुकानातल्या मोठ्या टेपवर लावून ऐक. चांदभाऊ नमाजला गेलेले असतील तेव्हा ऐक, म्हणजे कोणी काही विचारणार नाही. पत्र त्यानंतर वाच. उलटं केलंस तर माझं वाचून तू मत बनवशील, आणि तुझं एकदा बनलेलं मत आपल्या शाळेतल्या बाईंनाही कधी हलवता आलं नाही. तेजस्विनी बँकेच्या कामाला जुन्नरला येतेय, तिच्या हाती हे देतेय. तिला सांगितलंय की कॅसेट दुरुस्तीला पाठवतेय. सुनेशी थापा मारायची ही काही पहिली वेळ नाही, पण ह्या खेपेला जीभ जरा अडखळली.

इकडचं तुझ्या कानावर आलंच असेल. पेपरवाले बिबट्या म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. ज्याच्या गोठ्यातलं वासरू जातं त्याला अंगावर पट्टे होते की ठिपके, हे बघायला सवड नसते. खुरपायला जाताना आम्ही बायका आता गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतो. मंगळसूत्र आत, पट्टा बाहेर. पहिल्या दिवशी एकमेकींकडे बघून पोट धरधरून हसलो. मग आमचे शेजारी धर्माजी मोटारसायकलवरून कालव्याच्या वाटेनं येत होते, तर वाघानं चालत्या गाडीवर झेप घेऊन त्यांची पोटरी फाडली. तेव्हापासून कोणी हसत नाही. दिवस कलला की दारं लागतात, आणि बाहेर असलेल्या माणसाचं नाव घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात फिरत राहतं.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला, शेळी बांधली आणि सांगून गेली की एकटं फिरू नका, आवाज करत राहा, मोबाइलवर गाणी लावा. गाणी म्हटल्यावर अख्ख्या वस्तीनं माना वळवून आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या गाण्यांची कुणाला तरी गरज पडली.

तो नाद कुठून लागला ते तुला सांगायला नको. लग्नानंतर माहेरी जुन्नरला आलो तेव्हा ह्यांना तुमच्या दुकानात मीच घेऊन आले होते, मैत्रिणीचं दुकान म्हणून. आपण दोघी आत चहा करेपर्यंत बाहेर चांदभाऊ आणि हे, आपले दोघींचे नवरे, एका टेपला कान लावून बसले होते, जन्माची ओळख असल्यासारखे. माझ्या हातानं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यानंतर गुळाची ढेप आणायला गेलेला माणूस कव्वाली घेऊन परत यायचा. जत्रेत लोक तमाशा बघायचे, हे स्टेजखाली बसून टेप करायचे. भारुडं, गवळणी, कीर्तनं, नाटकातली पदं, सगळं घरात येत राहिलं. आधी कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा, मग माळा. शेवटी कांद्याची अर्धी बराक ह्यांनी मोकळी केली, कारण कांद्याच्या दमटपणानं फीत खराब होते म्हणे. आमच्याकडे कांदे बाहेर भिजतात आणि गाणी आत कोरडी राहतात.

त्या बराकीत टोमॅटो भरायची प्लॅस्टिकची कॅरेटं एकावर एक रचलीत आणि त्यात कॅसेटी. त्यांची मांडणी तू बघितलेली नाहीस. गायक कोण, साल कोणतं, ह्याची कुठं नोंद नाही. निळ्या कॅरेटमध्ये खालचे, भारदस्त आवाज, म्हणजे भजनी बुवा, तुमचे कव्वाल, तमाशातले सरदार. लाल कॅरेटमध्ये टिपेचे, म्हणजे बायकांचे आवाज, सनई, बासरी, टाळांचा गजर. हे म्हणतात माणूस नाव विसरतो, साल विसरतो, आवाज विसरत नाही. एखादं गाणं मागितलं की हात बरोबर त्या कॅरेटमध्ये जातो, अंधारातसुद्धा.

आता मी जे सांगतेय ते माझ्या लक्षात यायला मलाच फार उशीर झाला. गेल्या काही वर्षांत निळी कॅरेटं होती तेवढीच राहिली. लाल तेवढी वाढत गेली, आणि वाढली ती नव्या गाण्यांनी नव्हे. हे एखादी जुनी कॅसेट लावायचे, थोडा वेळ ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, हिच्यातला वरचा सूर गेला, फीत झिजली. की लगेच चांदभाऊंना निरोप. चांदभाऊ बिचारे पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच गाण्याची दुसरी प्रत शोधून आणायचे. ती आली की आठवडाभर घरात दिवाळी, मग तीही झिजली. मग तेच गाणं सीडीवर, मग पेनड्राइव्हवर, आणि शेवटी एकच तक्रार की हल्ली कुणाला नीट काही बनवताच येत नाही. मी भांडायचे. एकच गाणं किती वेळा विकत आणायचं, तो काय चहातला गूळ आहे का संपायला, म्हणायचे. हे गप्प बसून टेपचा आवाज वाढवायचे. मला वाटायचं, माझा आवाज बुडवायला वाढवतात.

वाघानं तर त्या ढिगात आणखी भर घातली. रोज एकच गाणं लावलं की वाघाला ते घरचं वाटायला लागतं आणि तो बिनधास्त होतो, असं ह्यांनी ठरवलं. म्हणून रोज निराळं. सगळ्या वस्त्यांवरून लोक गाणी आणून द्यायला लागले, कुणाच्या वास्तुशांतीचा व्हिडिओसुद्धा आला. हे सगळं निवडून, बघून, आपापल्या कॅरेटला लावणार. एका पोरानं डीजेची गाणी आणली तर ह्यांनी ती परत केली. म्हणाले, “वाघाला चांगलं ऐकिवलं तर वाघ चांगला वागंल, राव.” लोक हसले, पण ऐकलं. दिवेलागणीच्या आधी हे मळ्याच्या बांधावर जातात. बांबूला कर्णा बांधलाय, खाली गाणी वाजवणारी पेटी, तिच्यावर एक हिरवा दिवा. एक कॅरेट पालथं घालून हे त्यावर बसतात, पाठ उसाकडे आणि तोंड वाटेकडे. कर्णा वाजतोय तोवर वाट बरी आहे, असं आता वस्तीतलं शेंबडं पोरही धरून चालतं. दूध घालायला जाणारे, शाळेच्या गाडीतून उतरणारी पोरं, सगळी त्या आवाजाच्या भरवशावर घर गाठतात.

आमची नात संस्कृती मात्र आजोबांवर रुसलेली होती. मी काही विचारलं तर आजोबा उत्तरच देत नाहीत, म्हणायची. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, पोरगी मोठी झाली, हल्ली मनातल्या मनात बोलते. मी दोघांनाही वेड्यात काढलं आणि भाकऱ्या थापायला बसले.

मंगळवारी दिवेलागणीला मी गोठ्यात धार काढत होते. गाणं चालू होतं तोवर माझं तिकडे लक्ष नव्हतं. ते थांबलं तेव्हा गेलं. दोन गाण्यांमधली शांतता मला आता ओळखता येते. ही तसली नव्हती, ही लांबतच गेली. म्हशीनं पान्हा चोरला. मग उसाच्या अंगानं टिटवी ओरडायला लागली, आणि कुत्री, जी एरवी टिटवीच्या वरताण भुंकतात, ती मुकाट आत येऊन माझ्या पायाशी बसली. संस्कृती घरात आहे ना, एवढं ओरडून विचारलं, आणि हातात होती ती दुधाची किटली घेऊनच मी बांधाकडे पळत सुटले. गळ्यात पट्टा नाही, पायात चप्पल नाही.

हे तिथं नेहमीसारखे बसले होते. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला, कर्णा मुका. मागे ऊस उभा, आणि वारा अजिबात नसताना त्यातला एक पट्टा हलत होता. मी अहो म्हणून ओरडले, दोनदा ओरडले. हे वाटेकडे बघत बसलेले. मग मी ते केलं जे उखाण्याशिवाय जन्मात कधी केलं नव्हतं. मी ह्यांचं नाव घेतलं. गेणू, म्हणून बोंब मारली, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी. धर्माजींच्या घरातून माणसं बाहेर आली. ह्यांनी मान वळवली नाही. पाय तेवढा हलत होता, ठेका धरून.

किटली दगडावर बडवत मी ह्यांच्यापर्यंत गेले आणि खांद्याला धरून हलवलं. हे दचकले. माझ्याकडे कपाळाला आठी घालून बघितलं आणि म्हणाले, “अगं, जरा गाणं ऐकू दे की.”

मी कर्ण्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे बघितलं. मागे उसात काहीतरी जड वळलं आणि निघून गेलं, पाचोळा वाजत वाजत दूर गेला. तोही ह्यांना कळला नाही. मी हाताला धरून ह्यांना ओढत घरी आणलं. दूध सगळं वाटेत सांडलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्या सगळ्या लाल कॅरेटांचा अर्थ मला लागला. फिती चांगल्या होत्या. टिपेचे सूर ह्यांच्या कानातून जात होते, आधी बासरी गेली असेल, मग टाळ, मग बायकांचे आवाज, मग संस्कृतीचा. आणि हे दर वेळी दुसरी प्रत आणून तो सूर शोधत होते. आणि मी गुळाचा हिशोब सांगत होते. फार रडले गं मी.

सकाळी बघितलं तर कर्ण्याची वायर घुशीनं कुरतडलेली, आणि ह्यांच्या बसायच्या जागेच्या मागे, ओल्या मातीत, पंजे उमटलेले. हात मागे केला असता तर लागला असता, इतके जवळ. नुसते चालत गेल्याचे नव्हेत, एका जागी बराच वेळ बसल्याचे. वस्ती गोळा झाली. माझी बोंब सगळ्यांनी ऐकली होती, पण ती वाघ बघून मारली आणि कर्णा त्या धांदलीत बंद पडला असं सगळे धरून चालले, आणि मीही तसंच राहू दिलं. धर्माजी लंगडत पुढे आले, ह्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, “गेणभाऊ, गाण्यानं वाचिवलं तुमाला. वाघ बसून ऐकत व्हता.” आणि हे फुलले. विश्वास बसणार नाही तुझा, त्या पंजांजवळ उकिडवे बसून हे कौतुकानं बघत होते. कुणाला तरी अखेर आपल्या गाण्यांची पारख कळली, असं तोंड. मला ओरडावंसं वाटत होतं की कर्णा बंद होता, वाघ गाणं ऐकायला बसला नव्हता, तुम्ही ऐकत नाही हे त्याला कळलं होतं. मी म्हशीला वैरण घालायला निघून गेले.

आता पुढचं ऐक. सोमवारपासून धर्माजींच्या उसाची तोड सुरू होतेय. ऊस तुटायला लागला की वाघ बिथरतो, हे तुला जुन्नरातही माहीत असेल. टोळीतल्या बायका, त्यांची झोळीतली पोरं, सगळी उसाच्या कडेला राहणार. त्यांच्या राखणीला गेणभाऊंनी गाणी घेऊन बसावं, असं सगळ्यांनी ठरवलंय. वाघ ज्याचं गाणं बसून ऐकतो, त्याच्यापेक्षा दुसरा राखणदार कोण मिळणार. ह्यांनी हो म्हटलंय. बराकीत बसून कॅरेटं निवडणं चाललंय. ह्यांच्या जिवाची मला भीती आहेच, पण ह्यांच्या भरवशावर दुसऱ्याची पोरं झोपणार, त्याची जास्त आहे.

मी सांगून बघितलं. बुधवारी जेवताना समोर बसून म्हटलं, तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ताटात बघत म्हणाले, “तुला माझी गाणी कधी आवडली व्हती?” एवढंच. चूक माझी नाही आणि त्यांचीही नाही. ज्या बायकोनं जन्मभर त्या ढिगाला नावं ठेवली, ती कानाचं बोलली तरी तो ढिगाबद्दलचाच टोमणा वाटणार. वस्तीत बोलले तर ह्यांना मिळालेला मान एका दिवसात जाईल. आणि सुदर्शनला सांगितलं तर तो लेक म्हणून दवाखान्यात नेईल, ते बरंच आहे, पण दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावेल. आधीच त्याचं म्हणणं आहे की बराक मोकळी करा. ऐकूच येत नाही तर कॅसेटी कशाला, असं तो सरळ विचारेल, आणि ते वाक्य हे त्याच्या ओठांवर वाचतील. एक गोष्ट तुला म्हणून सांगते, हसू नकोस. ती कॅरेटं गेलेली मला आता चालणार नाहीत.

फोनवर हे बोलता येईना, कारण ज्यांच्यापासून लपवायचं ते सोडून बाकी सगळं घर ऐकतं. शिवाय तुमच्याकडे फोन चांदभाऊ उचलतात. आणि चांदभाऊंना हे ठाऊक आहे, असा मला संशय आहे. गेल्या उरुसाला आम्ही आलो तेव्हा ते ह्यांच्या शेजारी बसले नाहीत, समोर बसले. पूर्वी दोघं शेजारी बसायचे, एकाच टेपला कान लावून. चांदभाऊ तोंड वर करून, सावकाश बोलत होते. मला वाटलं दात दुखत असेल. आता कळतं की ते ह्यांना ओठ दाखवत होते. त्यांनी गप्प राहून मैत्री सांभाळली, त्यात त्यांना बोल नाही. पण त्या गप्प राहण्याला आता वाघाची सोबत झालीय.

बुधवारपासून मी रोज ह्यांच्याबरोबर बांधावर जाते. शेजारी दुसरं कॅरेट पालथं घालून बसते, तोंड उसाकडे करून, आणि ह्यांच्या मनगटावर बोटांनी ठेका धरते. गाणं वाजतंय तोवर बोटं हलती ठेवायची, थांबलं की थांबवायची. बायकांनी टिंगल केली, म्हातारपणी साळूबाईला रंग चढला म्हणून. करू देत. पहिल्या दिवशी हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आता कळाया लागलं तुला गाणं.” मी मान हलवली.

काल संध्याकाळी पदर सावरायला म्हणून मी हात काढला. कर्णा दणदणत होता, पेटीवरचा हिरवा दिवा ह्यांच्या डोळ्यांसमोर लागलेला होता. माझी बोटं थांबली मात्र, हे झटकन उठले आणि कर्ण्याची वायर चाचपायला गेले. दिव्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वायर शाबूत होती. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बघितलं ते त्यांना कळलं. परत येऊन बसले आणि आपला हात मुकाट माझ्या मांडीवर ठेवला, मनगट वर करून. मी ठेका धरला.

म्हणजे ह्यांना माहीत आहे, सितारा. पत्र लिहायचं ठरवलं तेव्हा मला वाटत होतं की चांदभाऊंनी येऊन ह्यांना सांगावं. आता तेही नको. चांदभाऊंना हे पत्र दाखव, पाकिटातली कॅसेट त्यांच्या हातात दे आणि सोमवारच्या आत इकडे पाठव. गेल्या महिन्यात ह्यांनी झिजली म्हणून फेकलेली ती आहे आणि ती चांगली आहे, तू ऐकलीसच. चांदभाऊंनी फक्त समोर बसायचं आणि एवढंच म्हणायचं की गेणू, कॅसेट चांगली आहे. पुढचं हे आपणहून बोलतील, पण माझ्यापाशी नाही, त्यांच्यापाशी. आणि बोलून झालं की सोमवारी राखणीला हे एकटे बसणार नाहीत, मी आणि हे दोघं बसू, एवढं धर्माजींना सांगायचं धैर्यही ह्यांना त्यातूनच येईल. दवाखान्यात मग मी नेईन, सुदर्शनला कॅरेटांना हात लावू देणार नाही. दुपारच्या गाडीनं पाठव, म्हणजे उजेड असेल. कालव्याच्या वाटेनं नको, डांबरी रस्त्यानं यायला सांग. आम्ही बांधावरच असू, माझा हात ह्यांच्या मनगटावर असेल, आणि चांदभाऊ आलेत हे मी ह्यांना कळवीन.

तुझीच,
साळू